पावडरीचा गुण

एमआरआयची फिल्म उजेडाला लावून डॉक्टर म्हणाले, "कार्टिलेज झिजलंय. उभ्याचं काम बंद करा." कार्टिलेज म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. माझ्या उजव्या गुडघ्यातली जवळजवळ संपली होती.

मी कोलॅजनच्या पावडरीचं विचारलं.

"घ्यायची तर घ्या. दुखणं थोडं कमी झालं तर झालं. गेलेली गादी भरून येईल असं मी म्हणणार नाही. मांडीचे व्यायाम मात्र चुकवू नका."

कंपनीसाठी त्यांनी चिठ्ठी दिली, बसून करायचं काम द्या म्हणून.

ती मी पर्समध्ये दडवली. चाकणला आमच्या लाइनवर कंत्राटी बायका दिवसभर उभ्याने वायरी जोडतात, आणि पर्मनंटची यादी तोंडावर आली होती. खुर्ची मागणारीला यादीत कोण घेतो?

मग शिफ्टच्या आधी कासारवाडीतल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घ्यायचं आणि लाइनवर पावडरीचा डबा मिरवायचा, असं सुरू झालं. माझं लंगडणं पाहिलेल्या सुपरवायझरसमोर मी उकिडवी बसून उठूनही दाखवलं. "पावडरीने गुडघा भरला," म्हटलं. खोटं बोल, पण रेटून बोल.

शेजारी सुनीता उभी असायची, परभणीची. तिचाही गुडघा दुखायचा, पण ती शिफ्ट सुटल्यावर नेमाने व्यायामाला जायची.

"ताई, मला बी त्योच डबा सांगा. व्यायामाला जाऊन जाऊन जीव चाललाय."

मी नाव लिहून दिलं. तिने व्यायाम सोडला. महिन्या-महिन्याला ती जास्त लंगडत होती आणि मला ते दिसत होतं. खरं सांगितलं असतं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइनभर झालं असतं. लाज वाटायची, तरी मी गप्प बसले.

यादीत माझं नाव लागलं. पत्र हातात पडल्यावर आठवड्याने मी चिठ्ठी बाहेर काढली. तपासणीच्या टेबलावर खुर्ची मिळाली. व्यायाम सुरू केले, इंजेक्शनं सुटली. आज मी जिने चढते. तुमचा गुडघा दुखत असेल तर आधी व्यायाम करा, आणि माझ्यासारख्या बाईचं ऐकू नका.

सुनीताचा पाय सरळ होईना. ठेकेदाराने तिला कामावरून बंद केलं. गावी जायच्या आधी ती गेटवर भेटली, नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून.

"माझंच चुकलं, ताई. बहिणीच्या लग्नात चार दिवस पावडर घ्यायची राहिली. तितंच बिघडलं."

"हो गं," मी म्हणाले. "खंड पडू द्यायचा नाही."

तिने पिशवीतून नवा डबा काढून दाखवला.

"आता एक दिवस बी चुकवायची न्हाई. तुमचे लई उपकार हायत, ताई."