म्हणून मी बाहेर जातोय

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून नाकावर राग घेऊन फिरायचा. वेल्डिंगमध्ये मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच हातानं त्यानं भांडणात मालकाच्या डोक्यात लोखंडी गज घातला आणि तुरुंगात गेला. मालक वाचला, पण एक डोळा गेला.

शिक्षा संपायच्या आधी त्याला सोडलं, ते माझ्या घरी राहायच्या अटीवर. एक तक्रार झाली की पुन्हा आत. तुरुंगातल्या समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. राग आला की दाबायचा नाही, वाटतंय ते मोठ्यानं सांगायचं आणि खोलीतून बाहेर पडायचं. मला तो निव्वळ पोरखेळ वाटला. भाजी चिरून झाली की मी सुरी कपाटात लपवायचे. सख्ख्या भावाची भीती वाटायची मला, खोटं कशाला बोलू?

आमच्या ह्यांना गप्प बसवत नाही. परवा जेवताना म्हणाले, "काय मेव्हणेबुवा, मालकाला उरलेल्या डोळ्यानं नीट दिसतं ना?"

भाऊ ताटावरून उठला. चेहरा पांढराफटक.

"भावजी, मला तुम्हाला मारावंसं वाटतंय," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "म्हणून मी बाहेर जातोय."

हे दाराला पाठ लावून उभे राहिले. एक हात कडीवर, दुसऱ्यात फोन. "धमकी देतोस? माझ्याच घरात?"

"दार सोडा, भावजी. हात जोडतो."

मी ह्यांना बाजूला ढकललं आणि कडी काढली. भाऊ अंग चोरून माझ्या बाजूनं निघून गेला.

मी मागोमाग गेले. तो जिन्यात कठडा गच्च धरून बसला होता, घामानं निथळत. मागून ह्यांचा आवाज आला, "पोलीस निघालेत!"

"पळू नकोस रे," मी म्हटलं.

"नाही पळत. पण ताई, ते तुला विचारतील. मी बोललो ते सगळंच्या सगळं सांग. काही गाळू नकोस."

मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. 'मारावंसं वाटतंय' इथवर आले आणि अडले. त्यापुढचं ऐकायला कुणी थांबेल, असं मला वाटेना. खाली जीपचं दार वाजलं.