माझ्या उजवीकडून जाणारा बॉल

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा माझी. सॉफ्टबॉलमध्ये तिला शॉर्टस्टॉप म्हणतात. शाळेत होते तेव्हापासून, लग्न झालं, पोरगी शाळेत जायला लागली, तरी मी तिथंच उभी होते. मारलेले बॉल सगळ्यात जास्त तिथं येतात, आणि आलेला बॉल मी सोडत नसे. पिचर म्हणजे माझ्या लेखी मधोमध उभी राहून हात गरगर फिरवणारी बाई. तिचा बॉल वाकडा गेला की मागून माझे सल्ले सुरू. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

मग आमची पिचर गेली. तिचा नवरा पुलगावच्या लष्करी डेपोत होता, त्याची बदली झाली आणि तीही सामान बांधून निघाली. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली. आमच्या कोच सरांनी एका संध्याकाळी सगळ्यांना वर्धेच्या ग्राउंडवर बसवलं, एकेकीकडे बघितलं आणि माझ्यावर येऊन थांबले. असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, पिचिंग तूच शिक, म्हणाले.

मी अशी भडकले की विचारू नका. इतकी वर्षं एका जागी घाम गाळला, आणि आता गुडघे बोलायला लागल्यावर पुन्हा पहिलीत बसू का, असं तोंडावर विचारलं. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन टीममधल्या एका नव्या पोरीचं सांगितलं.

ती देवळीकडच्या एका खेड्यातली. घरी शेती. एसटीनं ग्राउंडवर यायची आणि बेंचवर बसून माझ्याकडे टक लावून बघायची, कारण तीही शॉर्टस्टॉपच. पोलीस भरतीची तयारी करत होती. टीम राज्यात पहिल्या तिनात आली, तर खेळाडूंच्या राखीव जागेत तिचा अर्ज बसणार होता, आणि वयामुळे तिला ही शेवटचीच संधी होती. पिचर नाही तर टीम नाही, आणि टीम नाही तर तिची वर्दीही नाही. घरी पोचेपर्यंत सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणून आले.

नालवाडीला आमचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या गोदामाच्या भिंतीवर मी गेरूनं चौकोन काढला. त्याच्यापुढे तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर नवऱ्याला बसवलं, हातात ग्लव्ह दिला. पहिला बॉल शेजाऱ्यांच्या तुरीत गेला, दुसरा पत्र्यावर. तिसरा नवऱ्याच्या नडगीवर बसला. दुसऱ्या दिवशीपासून तो माणूस साबणाच्या खोक्याचे पुठ्ठे सुतळीनं पायाला बांधून बसायला लागला. मी म्हटलं, इथली जमीन उतरती आहे, पाय सरकतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो ग्लव्हच्या आडून पुटपुटला. मी ऐकलं, पण कॅचर दुसरा मिळणार नव्हता.

पिचिंग वाटतं तितकं सोपं नाही हो. शॉर्टस्टॉपचा थ्रो कानाजवळून निघतो, कोपराच्या जोरावर. इथं हात खालून वर, वरून खाली अशी पूर्ण चक्कर मारून येतो, मनगट मांडीला घासतं, आणि नेमका तिथंच बॉल सुटायला हवा. जरा उशीर झाला की बॉल आभाळात, जरा घाई झाली की मातीत. मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग पडला. सर येऊन बघून गेले आणि म्हणाले, तू बॉल ढकलून राह्यली, हात सैल सोड. आता जो हात इतकी वर्षं आवळूनच जगला, तो सैल कसा सोडायचा?

पण खरा त्रास हाताचा नव्हताच. शॉर्टस्टॉपकडे बॉल आपला वेग घेऊन येतो. विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातात, आणि झालं की माणूस मोकळा. पिचरच्या हातात बॉल गप्प बसून असतो. तुम्ही टाकाल तेव्हा खेळ सुरू होणार, तोवर सगळ्या जणी तुमच्याकडे बघत उभ्या. त्या तेवढ्या वेळात काय काय डोक्यात येतं! मागचा बॉल, दुकानाचं शटर, लेकीचा डबा. मला आयुष्यात कधी इतकी शांतता मिळाली नव्हती आणि मला ती मुळीच आवडली नाही. पुढे हळूहळू सवय झाली. एक लांब श्वास घ्यायचा, कॅचरचा ग्लव्ह सोडून दुसरं काही बघायचं नाही, आणि हात फिरवायचा. गेरूच्या चौकोनात बॉल बसायला लागले तशी माझी मान जरा ताठ झाली.

मग सराव-सामने सुरू झाले. माझ्या जागेवर आता ती पोरगी. मी बॉल टाकायचे, समोरची मारायची, आणि बॉल माझ्या उजवीकडून शॉर्टस्टॉपकडे निघाला की माझा हात आपसूक आडवा जायचा. सवय मेली मरत नाही. बॉल हाती लागायचा नाही, ग्लव्हच्या टोकाला नुसता घासायचा आणि वळायचा. मागे ती पोरगी बरोबर जागेवर वाकलेली असायची आणि बॉल भलतीकडेच जायचा. एकदा नाही, दरवेळी. सर ओरडले, कॅचर ओरडली. मी म्हटलं, मी अडवायला बघते, यात चुकलं काय?

ती पोरगी मात्र कधी बोलली नव्हती. त्या दिवशी खेळ संपल्यावर माझ्या बाजूला बुटाची लेस सोडत बसली आणि वर न बघता म्हणाली, "ताई, तुमचा हात लागते अन् बॉल वाकडा होते. माहा बॉल मले घेऊ द्या ना."

मला चटका बसला. मी फटकन विचारलं, "अन् पडला म्हणजे?"

"पडला त माह्या हातून पडन," ती म्हणाली.

मी स्कूटर काढून तडक घरी आले. संताप संताप झाला. कालची पोर मला शिकवते! भाजी जाळली, नवऱ्यावर खेकसले. पण रागाच्या तळाशी काय आहे ते मला कळत होतं. सरांना हो म्हणताना मी तिला जागा दिली होती, बॉल दिलाच नव्हता. त्यानंतर सरावात मी बॉल सुटला की ग्लव्ह छातीशी घट्ट धरायला लागले. तिच्या हातून बॉल पडायचे, तेव्हा मी दात ओठ खायचे. पण पडलेला बॉल ती उचलायची, आणि पुढचा घ्यायला पुन्हा वाकायची.

राज्य स्पर्धेत उपांत्य सामना हरलो. राहिली तिसऱ्या नंबरची मॅच. ती जिंकली तरच तिचा अर्ज बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढे होतो. त्यांच्या दोघी आउट, पण एक जण तिसऱ्या बेसवर उभी. ती होम प्लेटला पोचली की बरोबरी, तिसरी आउट झाली की सामना आमचा.

श्वास घेतला, हात फिरवला. बॉल चांगला गेला, खोटं कशाला बोलू, पण समोरचीनं तो फोडला. जमिनीलगत सणसणत, माझ्या उजवीकडून. हात निघालाच होता. अर्ध्यात असताना मी तो मागे ओढला आणि बॉल माझ्या बाजूनं निघून गेला. मागे वळायची माझी हिंमत झाली नाही. पाठीमागे एक आवाज आला, चामड्यात बॉल बसल्याचा. तो आवाज इतकी वर्षं माझ्या हातात होता. मग पहिल्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये दुसरा आवाज, आणि पंचांची मूठ वर गेली.

सगळ्या धावल्या त्या तिच्याकडे. मी पिचरच्या जागेवरच उभी राहिले. आनंद झाला, भरून आलं. माझ्याकडे कोणी आलं नाही, म्हणून जरा रागही आला.

थोड्या वेळानं ती आली ती माझा फोन मागायला, तिचा बंद पडला होता. माझ्या शेजारी उभं राहूनच तिनं वडिलांना लावला. ते बहुतेक शेतात असावेत, कारण तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं. "बाबा, झालं," ती म्हणाली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. ती हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "शेवटचा बॉल माह्याकडंच आलता."

आलाच होता तिच्याकडे. मी काही बोलले नाही. आमच्या घरी सांगितलं, तर मी अशी वेळ असून गप्प बसले यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.