रापणीच्या दोरावर एक गुडघा

मालवणच्या किनाऱ्यावर माझा पाय पुन्हा उभा केला तो रशीदमामूंनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याचं श्रेय घ्यायला टपलेली मंडळी तिथं पुष्कळ होती आणि त्यांच्याकडे यंत्रं होती.

मी लातूरकडचा. कबड्डीपायी नववीत शाळा सुटली. साखर कारखान्याच्या संघात खेळतो, खेळतो म्हणूनच कामावर आहे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, पण पायावर भरवसा बसेना. मोसमाच्या निवडीत नाव आलं नाही तर नोकरी गेलीच. तेव्हा आमचे प्रशिक्षक म्हणाले, मालवणजवळ खेळाडूंच्या दुखापतींवर संशोधन चाललंय, जा, फुकट बरा होशील. फोंडा घाट उतरताना मी सारखा गुडघाच चाचपत होतो.

शिबिर एका रिसॉर्टात. समोर समुद्र, मधे बंद काच, आत एसी. काचेकडे तोंड करून ट्रेडमिल मांडलेल्या. माणसं तासन् तास समुद्राच्या दिशेनं चालत होती, पोचत कुणीच नव्हतं. बाहेर बांगडा तळल्याचा वास सुटलेला आणि आम्हाला ओट्सची लापशी, तीही तोलून.

माझ्या वाट्याला तर ट्रेडमिलही आली नाही. एका गटानं व्यायाम करायचा, दुसऱ्यानं काही न करता नुसता पाय मोजून घ्यायचा. मी दुसऱ्यात. भीत भीत विचारलं, मग मी बरा कसा होणार? डॉक्टरसाहेब हसले. "तू बरा होण्यासाठी नाहीस रे. तू तुलनेसाठी आहेस." एवढा घाट मी तुलनेसाठी उतरलो होतो.

मग सकाळी वाळूत जाऊन बसायचो. तिथं रापण (समुद्रात लांबवर सोडून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) चालायची. दोन रांगा दोर धरून, टाचा वाळूत रोवत, मागं मागं सरकणाऱ्या. मासे घ्यायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. एक जण म्हणाली, "गो, ह्यो बघ, न्हवरो (नवरदेव) कसो बसान ऱ्हवलो आसा."

रांगेचे म्होरके रशीदमामू. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत लुंगी. त्यांनी विचारलं, "खंयसून इलंस रे?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कीव केली नाही. "शेवटाक उभो ऱ्हव, थंय वजन कमी. दुखलो पाय तर दोर सोड. कोण काय म्हणूचो नाय."

पहिल्या दिवशी चारदा सोडला. कुणी काही म्हणालं नाही. जाळं आल्यावर एकानं कुरकुर केली, लंगड्याक कसलो वाटो (वाटा)? मामूंनी टोपलीतून मूठभर तारली मासळी माझ्यापुढं टाकली. "दोराक हात लावलो मां त्येणां? झाला तर." दोर ओढला की वाटा, तिथली रीतच तशी. मग मी रोज जाऊ लागलो. हळूहळू मामू मला रांगेत पुढं, पाण्याकडं सरकवत गेले. एके दिवशी लाटेनं दोराला हिसका दिला, माझा सगळा भार त्याच पायावर आला, आणि पायानं तो पेलला. मी रडलो. घाम पुसतोय असं दाखवलं.

इकडं मोजणीत गोंधळ. काही न करणाऱ्याच्या मांडीत जोर कसा आला? डॉक्टरांनी टेप बदलली. मग यंत्र बदललं. मग यंत्र नीट करायला कुडाळहून माणूस बोलावला. मला विचारावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी मीच म्हणालो, सर, मी सकाळी रापण ओढतो.

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे तू माझा वाया गेलास," म्हणाले, आणि मला घरी धाडलं. नियम मी मोडला होता, कबूल. पण बरा झालेला माणूस वाया जातो, असलं वैद्यक आमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरलाही ठाऊक नसेल.

निवडीच्या दिवशी पहिल्याच चढाईत तिघांनी मला पकडलं. मी टाचा रोवल्या आणि मागं सरकत तिघांना घेऊन रेषेवर आलो. नाव आलं. नोकरी राहिली.

ते संशोधन छापून येईल तेव्हा त्यात मी नसेन. काहीच न करणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही, असं त्यात सिद्ध झालेलं असेल. होऊ दे. मामू, मोसम संपला की सगळा संघ घेऊन येतो. तुम्ही वाळूत बसायचं आणि रापण आम्ही ओढायची.