बायकोसाठी बांधलेला कॉम्प्युटर

माझा धाकटा भाऊ रमाकांत साधी चाळणी घ्यायला गेला तरी ती उजेडासमोर धरून एकेक भोक बघतो. हा स्वभाव नोकरीने घडवला, की हा स्वभाव बघूनच रेल्वेने त्याला घेतलं, मला ठाऊक नाही. लखनौमधल्या रेल्वेच्या संशोधन कार्यालयात त्याने सगळी हयात डब्यांखालच्या स्प्रिंगा तपासण्यात घालवली. नवी स्प्रिंग आली की आधी कागदावर, मग यंत्रावर, मग वाळूची पोती भरलेल्या डब्याखाली. एवढं सगळं पार पडलं की मग माणसं बसवायची. अशा माणसाने निवृत्तीनंतर गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी बांधायला काढला, तेव्हा तो कधी पुरा होईल अशी आशा मी तरी धरली नव्हती.

कॉम्प्युटर त्याला स्वतःसाठी नको होता. माणिकसाठी हवा होता.

माणिक म्हणजे त्याची बायको. आम्ही मूळचे अकोल्याचे. माझं लग्न होऊन मी लखनौच्या छावणीत आले, पुढे रमाकांतलाही इथेच नोकरी लागली, आणि आज इंदिरा नगरच्या एकाच गल्लीत आमची दोन घरं आहेत. माणिक स्वयंपाक बेताचा करते, हे तीही कबूल करते. गाडी मात्र झकास चालवायची. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायकांना चारबाग स्टेशनवर सोडणं आणि आणणं तिच्याकडेच असायचं. कुणी ऑटोने जाते म्हणाली तर हिला अपमान वाटायचा.

गेल्या फेब्रुवारीत तिला पक्षाघात झाला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पायही आला. डावा हात तेवढा यायचा राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष महत्त्वाचं. हाताकडून जितकं काम करून घ्याल तितका तो येईल. गाडी चालवायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि माणिकने बहुधा तेवढंच ऐकलं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू सोफ्याखाली गेला तो तिथेच.

"वन्सं, मी आता चेंडू दाबत बसू का?" म्हणायची. डावा हात मांडीवर असा पडलेला असायचा, जणू दुसऱ्या कुणी जरा सांभाळ म्हणून दिला आहे.

मे महिन्यात माझा मुलगा विश्वजित पुण्याहून आला. पन्नाशीला टेकला तरी त्याचं खेळणं सुटलेलं नाही. लॅपटॉप आणि टेबलाला अडकवायचं स्टीअरिंग बरोबर घेऊन फिरतो आणि पडद्यावर ट्रक चालवतो. लखनौत वाढलेला, त्यामुळे मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवतो. "मामी, बसून तर बघ. एक चक्कर मार लो, क्या जाता है?"

माणिक बसली. पहिल्याच चौकात तिने ट्रक खांबावर घातला आणि हसली. पुढे रस्ता मोकळा झाला, वळण आलं, आणि डावा हात मांडीवरून उठून स्टीअरिंगवर गेला. तिला कळलंही नाही. बोटं वळली, चाक धरलं. तेवढ्यात ते चित्र अडखळायला लागलं. क्षणभर थांबे, मग एकदम पुढे उडी मारे. माणिकचा चेहरा पांढरा पडला आणि तिला उलटी झाली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "पुन्हा माझ्यासमोर आणू नका."

संध्याकाळी रमाकांत माझ्याकडे आला.

"ताई, तिचा हात पाहिलास?"

"पाहिला. उलटीही पाहिली."

"उलटी चित्र अडखळलं म्हणून झाली. चित्र अडखळलंच नाही तर?"

मी म्हटलं, मग आण चांगलासा कॉम्प्युटर. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

जून गेला, जुलै गेला. तो यूट्यूबवर पंचवीस वर्षांच्या पोरांची व्हिडिओ बघायचा आणि त्यांच्यावर वैतागायचा. "ही मुलं सरासरी सांगतात, ताई. सेकंदाला किती चित्रं, त्याची सरासरी. गाडीत चहा सांडतो तो काय सरासरी वेगाने सांडतो? सगळ्यांत वाईट क्षण किती वाईट, ते कुणी सांगेल का मला?"

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, त्याने त्याच हिशेबाने ठरवला. आकड्यांच्या शर्यतीत पहिला येणारा नव्हे, तर ज्याच्या पोटातच भरपूर साठवण आहे आणि जो माहिती शोधायला बाहेर पळत नाही असा. पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड गरजेपेक्षा वरचढ घ्यायचं, म्हणजे ते कधी धापा टाकणार नाही. पंखे मोठे आणि संथ, कारण दुखण्यापासून माणिकला घरघर सोसत नाही. कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, धूळ अडवायची जाळी, कारण आमच्या जूनमधली धूळ चुलीतल्या राखेसारखी आत शिरते. आणि दिवे नकोत. इथेच गाडी अडली. गेमची म्हणून जी पेटी मिळते ती लग्नाच्या मांडवासारखी लुकलुकते.

बिनदिव्याची पेटी शोधायला मी त्याच्याबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानांच्या नाझा मार्केटात गेले. दुकानदाराने विचारलं, "अंकल, पोते के लिए बनवा रहे हैं?"

"नहीं, वाइफ के लिए."

दुकानदार थांबला. "आंटी क्या खेलती हैं?"

"ट्रक चलाती हैं."

"माशाअल्लाह," तो म्हणाला, आणि आम्हाला बसायला खुर्च्या काढून दिल्या. पेटी त्याच्याकडे नव्हती. त्याने ती कानपूरहून मागवली.

ऑगस्टमध्ये मात्र मी चिडले. पुढच्या महिन्यात नवं कार्ड येतंय, तोवर थांबतो, असं तो म्हणाला म्हणून.

"डॉक्टरांनी एक वर्ष म्हटलंय. त्यातलं निम्मं सरलं, आणि तू अजून वाचतोच आहेस. ती तिकडे भिंतीकडे बघत बसते आणि तू इथे तक्ते बघतोस."

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, तिला फार तर एकदा समजावून बसवता येईल. तेव्हा पुन्हा मळमळलं तर ती जन्मात हात लावणार नाही. मला एकच ट्रायल आहे."

त्या दिवशी मी विषय सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायला लागले, ती गोष्ट वेगळी. शेवटी त्याने सगळं मागवलं, आणि नवरात्रात खोकी येऊन पडली.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं ज्यावर पोट, ते त्याने पाटावर मांडायचं. रमाकांत दरवर्षी मापं घ्यायची साधनं मांडायचा, मी शिकवत होते तोवर माझं पेन, आणि माणिक गाडीची किल्ली. यंदा तिने किल्ली आणली नाही. रमाकांतने पाटावर कॉम्प्युटरचे भाग मांडले. आता बंद खोक्याची पूजा कशी करायची? हत्यार उघडंच पुजायचं असतं. म्हणून त्याने सगळं खोक्यांतून, पिशव्यांतून बाहेर काढलं, आणि मदरबोर्डच्या मधोमध असलेलं प्लास्टिकचं झाकणही काढून ठेवलं. त्या झाकणाखाली प्रोसेसर बसतो ती जागा असते. केसासारख्या बारीक टोकांचं शेतच म्हणा. चार महिने अडखळणं मोजणाऱ्या माणसाने ते उघडं टाकलं, आणि मी शेजारी बसून आरतीचं तबक आवरत होते.

माणिक पूजेला बसली. उजव्या हाताने हळद वाहिली. कुंकवाची कोयरी डाव्या हातात होती. ती निसटली आणि सगळं कुंकू त्या उघड्या चौकोनात सांडलं.

मी तबक खाली ठेवलं.

"माझ्या हातात द्यायचंच कशाला?" माणिक म्हणाली, कुणाकडेही न बघता. "परत करा ते सगळं. मला नको." आणि आत जाऊन पलंगावर बसली.

मी म्हटलं, "उद्या नवा बोर्ड आण. एवढं काय त्यात?"

"नवा आणला तर हा तिच्या हाताने मोडला, असंच राहील," रमाकांत म्हणाला. तो दारापाशी गेला. "माणिक, झाकण मी काढलं. चूक माझी आहे. पण साफ करायला दोन हात पुरत नाहीत. बोर्ड उलटा धरायचा, बॅटरीचा उजेड पाडायचा, आणि वारा मारायचा. तू ये."

"वन्सं आहेत की."

"ताईला धीर नाही. ती पाच मिनिटांत उठेल."

"उठेन," मी म्हटलं. "शिवाय मला तिथलं काही दिसत नाही."

ती आली, पण तोंड फुगवून. उजव्या हातात बॅटरी घेतली, म्हणून बोर्डाची कड आपोआप डाव्या हातात आली. कोपर टेबलावर टेकवलं. रमाकांत कॅमेऱ्याची धूळ उडवायच्या रबरी फुग्याने वारा मारत होता आणि खाली पसरलेल्या कागदावर कुंकवाची लाल भुकटी झरत होती.

"जरा तिरका धर."

"तिरकाच आहे. तुम्हीच हलताय."

"उजेड इकडे."

"इकडे म्हणजे कुठे? नीट सांगाल का? रेल्वेत माणसं कशी टिकली तुमच्या हाताखाली?"

डाव्या हाताने कड सोडली नव्हती. मी चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला.

दुपारी सगळे भाग जोडून झाले आणि कॉम्प्युटर सुरू झाला. पण रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक त्याला दिसेचना. बसवायच्या जागा बदलून पाहिल्या; एका बाजूला काहीच उमटत नव्हतं. कुठल्यातरी टोकाशी कुंकू चिकटून राहिलं असणार. रमाकांत खाली मान घालून बसला. एका पट्टीवर चित्र अडखळू शकतं, त्याला ठाऊक होतं. बोर्ड बदलूया म्हणाला.

"चालू तर झालाय ना?" माणिकने विचारलं.

"एक बाजू चालत नाहीये."

"माझीही चालत नाही. मी चालतेच ना?"

रमाकांतने मान वर केली आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी जेवणाच्या टेबलाला स्टीअरिंग अडकवलं. विश्वजितने आपलं कुरिअरने पाठवलं होतं. माणिक खुर्चीत बसली आणि तिच्या डाव्या बाजूला रमाकांत, मांडीवर स्टीलचं मोठं पातेलं घेऊन.

"हे कशाला?"

"असू दे."

ट्रक निघाला. गाव संपलं, शेतं आली. पडद्यावरचा रस्ता तेलाच्या धारेसारखा सरकत होता. माणिक आधी एकाच हाताने चालवत होती. पुढे मोठं वळण आलं तेव्हा एक हात पुरेना, आणि दुसरा वर आला. या वेळी तिने त्याच्याकडे बघितलं. बोटं सावकाश वळली, करंगळी बाहेरच राहिली. ट्रक वळला.

ती करंगळी अजूनही बाहेरच असते. हात पूर्ण येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मी उगाच सांगणार नाही. पण हल्ली ती मटार सोलते, आणि चेंडू सोफ्याखालून निघालाय.

त्या दिवशी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, रंग उतरतोय का म्हणून. रमाकांत पडद्याकडे बघतच नव्हता. ज्या चित्रासाठी त्याने चार महिने जिवाचं रान केलं, ते त्याने पाहिलंच नाही. तो बोटं बघत होता.

"समोर बघा," माणिक म्हणाली. "पुढे डावीकडेच जायचंय ना?"

"हो. डावीकडे."

तिने ट्रक डावीकडे घेतला. रमाकांतने पातेलं मांडीवरून उचललं आणि खुर्चीखाली ठेवलं, हात पोचेल एवढ्या अंतरावर.