अर्धी बाही

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसदच्या आमच्या शाळेत वह्या तपासत होते. तिचा भाऊ दोनच वाक्यं बोलला... हार्ट अटॅक, पुण्यात, प्रयोगशाळेत जायला निघता निघता. मी फोन ठेवला आणि सवयीने डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढली. तिने हे पाहिलं असतं तर तिथेच माझी खरडपट्टी काढली असती.

यवतमाळच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मला तेव्हापासून सोरायसिस. कोपरांवर लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचेच कपडे घालायची. मेसमध्ये एकीने माझा ग्लास वेगळा काढून ठेवला, तेव्हा प्रज्ञाने तो उचलला, त्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "घ्या, प्याली मी. लागला काय मले रोग?" रोग लागला नाही, पण या रोगाचा नाद मात्र तिला जन्मभराचा लागला.

पुढे ती पुण्याला संशोधनात गेली. त्वचेच्या पेशींना घाई करायचा चुकीचा निरोप कोणते रेणू देतात, हे ती वर्षानुवर्षं शोधत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बोंडअळीच्या वर्षी ती सुटीत आली, तेव्हा तिने तिच्या काकांच्या शेतातलं कपाशीचं एक बोंड तोडून माझ्या हातावर ठेवलं. पिकायच्या आधीच फुटलेलं, आत मोकळ्या कापसाऐवजी नुसती पिवळट, चिकटलेली कवडी. "हे पाय. तुह्या कातडीचं असंच होऊन राह्यलं. महिन्याचं काम चार-पाच दिवसांत उरकते अन् कच्चीच वर येते. ही घाई कोण करवते त्याले धरलं, की औषध सापडलं." इतकं सोपं मला कोण्या डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं.

तिच्या अभ्यासासाठी त्वचेचे तांदळाएवढे तुकडे हवे होते, म्हणून तिने यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात शिबिर लावलं. चट्ट्यातला तुकडा द्यायला माझ्यासारखे तयार होते, पण तुलनेसाठी निरोगी त्वचाही लागते आणि ती कोणी देईना. झरी जामणीहून आलेली एक आजी तर म्हणाली, "चांगल्या कातड्याले भोक कायले पाडता, बाई?" प्रज्ञा खळखळून हसली आणि माझ्यानंतर त्याच टेबलावर स्वतः आडवी झाली. तेव्हापासून दोघींच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एकेक गोल व्रण. भेटलो की ती आधी माझी बाही वर सारायची, आपला हात शेजारी धरायची, आणि मगच चहाचं विचारायची.

गेल्या उन्हाळ्यात ती निळं सुती कापड घेऊन आली. "याचा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता शिव." नवी इंजेक्शनं निघाली होती, कितीतरी जणांना त्यांनी गुण आला, मला मात्र थोडे महिने बरं वाटलं आणि चट्टे परतले. मी म्हटलं, "आधी मला बरं कर, मग शिवते." ती म्हणाली, "औषधाले वेळ लागन, माय. बाही कापाले कायचा वेळ?" मी चिडले. तुझं काय जातं, लोक माझ्या हाताकडे बघतात, असं काहीबाही बोलले. तिने कापडाची घडी माझ्या कपाटात ठेवली आणि निघाली... तीच आमची शेवटची भेट. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या आठवड्यात ते कापड कपाटातून काढलं आणि रशीदचाचांकडे गेले. माझे कपडे कायम तेच शिवतात. बाही किती, हे विचारतही नाहीत. नेहमीप्रमाणे त्यांनी टेप मनगटापर्यंत नेला.

"चाचा, अर्धी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पक्कं ना, मॅडम? एकदा कापली का मंग वाढत नाही."

मी बाही वर सारली. चट्टे दिसले, व्रण दिसला.  व्रण झाकला जाईल अशा बेताने चाचांनी टेप कोपराच्या खाली धरला.

"इथपर्यंत?"

"नाही, अजून वर घ्या," मी म्हटलं. "तो दिसला पाहिजे."