साडीच्या चिठ्ठीवरची अक्षरं

मंडळी, तुमच्या घरी सुनेपासून काय लपवतात?

आमच्या साडीच्या दुकानात चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांऐवजी अक्षरांत लिहितात. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, हे फक्त घरातल्या मुलग्यांना सांगतात.

मी विचारायचं सोडलं आणि साड्यांना चिठ्ठ्या लावता लावता त्या बघत बसले. प्रत्येक किमतीच्या शेवटी सारखा 'र' यायचा, म्हणजे तो शून्य. माझ्या भावाकडून आलेल्या मालाचा भाव ठाऊक होता, त्यावरून बाकीची अक्षरं लागली.

आज सासरे आत जेवत असताना एक बाई घासाघीस करू लागल्या. मी चिठ्ठी वाचून परवडेल तिथं सौदा ठरवला. सासऱ्यांनी ते ऐकलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय, मामंजी. मीच सोडवलं."

"मग उद्यापास्नं अक्षरं बदलतो."

"बदला की. नव्या चिठ्ठ्या साड्यांना लावायला बी मीच हाय."