तेवढं मेनूत घाला

"ओ इंजिनिअर, तेवढं मेनूत घाला!" दारात चप्पल काढता काढताच सुभेदारांची फर्माईश सुरू व्हायची. नवं गिऱ्हाईक बिचारं टेबलावर खाण्यापिण्याचं कार्ड शोधायचं.

शतक संपत आलं होतं. सांगलीत माझं इंटरनेटचं दुकान होतं आणि वेबसाइटींचे पत्ते साठवून ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी मराठीत लिहिला होता. सगळा महाराष्ट्र तो वापरणार, अशी माझी खात्री होती. नेमानं वापरला एकट्या सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त झालेले, गाव साताऱ्याकडचं, घर माधवनगरला. फुकट मिळालेल्या वस्तूतच ज्याला जास्त खोट दिसते, असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

त्यांचा एकुलता एक मुलगा सरहद्दीवर होता. तिकडे गोळीबार चालू होता आणि पत्र येत नव्हतं. म्हणून रोज सकाळी येऊन ते सगळ्या वर्तमानपत्रांच्या साइटी उघडत आणि मुलाच्या पलटणीचं नाव शोधत. नाव कुठेच सापडलं नाही की खूश होऊन चहा मागवत.

"एकेक कुठं उघडत बसू? एक हुकूम दिला की समदे रांगेत फॉलिन झाले पायजेत!"

डोकं फोडून मी तशी स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या साइटी एकदम फॉलिन झाल्या आणि टेलिफोनची लाइनच झोपली.

"आवं, एकामागनं एक सोडा की! पलटण हाय, जत्रा न्हाई."

म्हणजे चूक माझीच! तेही करून दिलं.

मग ते मेनूवर घसरले. प्रोग्रॅम बंद करण्यासाठी मी तिथे 'बाहेर जा' असं लिहिलं होतं.

"पोरगं तिकडं असताना 'जा' म्हनतंय व्हय कोन? 'येतो' लिवा."

लिहिलं 'येतो'. आणि झाली की पंचाईत! दुकानात आलेल्या मिरजेच्या एका डॉक्टरांना वाटलं, ते दाबलं की काहीतरी येतं. दाबलं, तर प्रोग्रॅमच गेला. पुन्हा उघडला, पुन्हा दाबलं, पुन्हा गेला.

"येतो म्हणतो आणि जातो, हा काय चावटपणा?" डॉक्टर माझ्यावर उखडले.

"डाक्टर, घरनं निघताना तुमी काय म्हनता?" सुभेदारांनी शांतपणे विचारलं. डॉक्टर हसले. 'येतो' राहिलं.

एक दिवस मुलगा सुट्टीवर आला. सुभेदार त्याला थेट दुकानातच घेऊन आले. उंच, रापलेला, लाजरा पोरगा. त्याला खुर्चीत बसवून म्हणाले, "समदे पत्ते एका झटक्यात पुसायचं, तेवढं मेनूत घाला."

"अहो, पुन्हा लागतील की."

"लागू नयेत म्हनूनच म्हनतोय."

घातलं. बटण त्यांनी मुलाकडूनच दाबून घेतलं. मग महिनाभर काही ते फिरकले नाहीत. खरं सांगतो, त्यांच्या कटकटीवाचून मला करमत नव्हतं.

आणि एका सकाळी ते आले. सुट्टी संपली होती. दारातून हुकूम आला नाही. खुर्चीत बसून त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

"पुसल्यालं परत आनायचं काय हाय का?"

ते मी केलंच नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी एका बोटानं पहिला पत्ता टाइप करायला घेतला.

"द्या इकडं, सुभेदार, मी करतो. आणि येईल की तो पुन्हा सुट्टीवर!"

"व्हय की," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तवा परत पुसू."